शिंगरू खच्ची करताना: आधीची तपासणी, भूल, चिरा आणि पुढचा पंधरवडा

पागेवाला

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. तिथून आणलेली वर्ष-सव्वा वर्षाची नर शिंगरे नव्या जागी रुळली की जानेवारीत विचारणा सुरू होते. खच्ची कधी करायचे, किती दिवस बांधून ठेवायचे, किती रक्त गेले तर चालते? मोसम बरोबर आहे. थंडी असते, जमीन कोरडी, माश्या कमी. पावसाळ्यात चिखल आणि अळ्या, एप्रिल-मेमध्ये उकाडा आणि माश्या. तातडी नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या बाहेर जाऊ नये.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचे. घोटाळा होतो तो बहुधा आधीच्या महिन्यात (लस राहिली, दोन्ही गोळ्या, म्हणजे वृषण, खाली आहेत का हे कुणी चाचपलेच नाही) किंवा नंतरच्या दिवसांत (शिंगरू चालवलेच नाही). म्हणून धागा त्याच क्रमाने चालवू. जाणकारांनी भर घालावी.

ज्यांना नर ठेवायचाच आहे त्यांच्याशी वाद नाही. फक्त नर ठेवायचा तर वेगळा ठाण, पक्के कुंपण आणि शेजारची घोडी माजावर आली की त्याला सांभाळणारा जाणता माणूस लागतो. यातले एक जरी नसले तरी जनावराचे अर्धे आयुष्य अगाडी-पिछाडीत बांधलेले जाते. चारचौघांत सोडता येणारा, टुरिस्टला बसवता येणारा, घोडीशेजारी उभा राहणारा घोडा हवा असेल तर खच्ची करणेच बरे.

तोबरा

वय नक्की किती असावे? आमच्याकडे म्हणतात की लवकर केले तर घोडा खुजा राहतो.

डॉ_नालबंद

उलट आहे. हाडांची लांबी वाढते ती टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून आणि त्या पट्ट्या बंद व्हायला नराचे संप्रेरक मदत करते. ते लवकर काढले तर पट्ट्या थोड्या उशिरा बंद होतात आणि घोडा किंचित उंचच होतो. जे कमी होते ते म्हणजे मानेवरची जाड कमान, भरलेले गाल, छाती-खांद्याचा भारदस्तपणा. नाचाच्या आणि वरातीच्या घोड्याला लोक तेच बघून पैसे मोजतात, म्हणून ही समजूत टिकून आहे. सुळे मात्र खच्ची केल्यावरही चौथ्या-पाचव्या वर्षी येतातच.

६ ते १८ महिने हा सोयीचा काळ. दोन्ही वृषण खाली असतील आणि शिंगरू निरोगी असेल तर सहा महिन्यांनाही करता येते. लहान वयात रक्तवाहिन्या बारीक, सूज कमी, जखम लवकर भरते. दोन-अडीच वर्षांच्या पुढे दोर (वृषणाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नळी यांचा जुडगा) जाड होतो, रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात. शिवाय बारा-पंधरा महिन्यांचे काही नर घोडी गाभण ठेवू शकतात. कळपात एकत्र सोडत असाल तर त्याआधी उरका.

रिकीब

लशीचे आधी लिहितो, कारण यात मध्यम मार्ग नाही. पागेतल्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतातच आणि घोडा हे धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणारे जनावर. खच्चीची जखम उघडी ठेवलेली असते, आत मेलेली ऊती आणि गोठलेले रक्त असते. जंतूला याहून चांगली जागा नाही.

टॉक्सॉइडचे (धनुर्वाताच्या लशीचे) दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. दुसऱ्या डोसानंतर दोन आठवडे जाऊ द्या, मग तारीख घ्या. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यात करायचे तर पहिली सुई डिसेंबरअखेर. आधी पूर्ण कोर्स झाला असेल पण सहा महिने उलटले असतील तर एक बूस्टर.

बाजारातून आणलेल्या जनावराच्या लशीवर विक्रेत्याच्या शब्दाखातर विश्वास ठेवू नका. कागद नसेल तर लस नाही असे धरून चाला. फारच घाई असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी १५०० युनिट अँटिटॉक्सिन (धनुर्वाताच्या विषावरची तयार प्रतिपिंडे) आणि टॉक्सॉइडचा पहिला डोस, वेगळ्या सिरिंजने, वेगळ्या बाजूला. पण अँटिटॉक्सिन म्हणजे घोड्याचाच सीरम. क्वचित त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी यकृत बिघडते, म्हणून तो नियम करू नये.

लक्षणे जखमेनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. कान ताठ, शेपूट उचललेली, चारही पाय फाकवून लाकडासारखा उभा, हनुवटीखाली टिचकी मारली की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा सर्रकन पुढे येतो. हे दिसेपर्यंत जखम वरून भरलेलीही असू शकते. इथवर गेले की वाचवणे अवघड.

चाबूकस्वार

बैलांना लावतात तो बर्डिझोचा चिमटा घोड्याला का चालत नाही? रक्त नाही, जखम नाही, धनुर्वाताची भीती नाही. जुने लोक तर गोऱ्हे ठेचायचे.

डॉ_नालबंद

बैलाची पिशवी खाली लोंबते, तिला लांब मान असते, म्हणून कातडीवरून दोर एका बाजूला सारून चेपता येतो. घोड्याची पिशवी मांड्यांच्या मध्ये पोटाला लागून, वृषण आडवे आणि वर खेचणारा स्नायू जोरदार. चिमटा लावायला गेले की दोर निसटतो किंवा कातडी आणि म्यानाकडचा (लिंगाच्या आवरणाकडचा) भाग सापडतो. दोर अर्धवट चेपला तर घोडा खच्ची होत नाहीच, वर वृषण सडतो. रबरी कडीचेही तेच. घोड्याला चिरा देऊन केलेली शस्त्रक्रिया हाच मार्ग आहे.

ठेचण्याबद्दल सरळ सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ मध्ये खच्चीकरणाला सूट आहे ती विहित पद्धतीने केले तरच. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनी ती पद्धत म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्य आणि भूल हे स्पष्ट केले आहे. दोरांनी पाडून, भूल न देता करणारे 'अनुभवी' अजून सापडतात. त्यात वेदना तर आहेच, शिवाय बांधलेला घोडा जिवाच्या आकांताने मागचे पाय झटकतो तेव्हा मांडीचे हाड किंवा कंबरेचा मणका मोडू शकतो.

खरारा

तपासणीत नक्की काय बघायचे तेही लिहा ना डॉक्टर. गावी आलेल्या पशुवैद्याला घाई असते, निदान मालकाने तरी विचारावे.

डॉ_नालबंद

दोन वृषण. बस, पहिली गोष्ट हीच. नर शिंगराचे वृषण गर्भातल्या शेवटच्या महिन्यात ते जन्मानंतरच्या पहिल्या दहा-एक दिवसांत पोटातून जांघेच्या वाटेने खाली उतरतात आणि मग आतले तोंड आकसते. त्यानंतर पोटात राहिलेला वृषण खाली येत नाही. जांघेत अडकलेला मात्र दोन-तीन वर्षांपर्यंत उतरू शकतो. थंडीत किंवा घाबरल्यावर शिंगरू गोळ्या वर खेचते, म्हणून हाताला लागले नाही तर हलकी गुंगी देऊन परत चाचपावे. उभ्या घोड्याला, डाव्या खांद्याजवळ उभे राहून, हात पोटावरून मागे सरकवत न्यायचा. थेट मागून हात घातला तर लाथ.

एकच हाताला लागला तर त्या दिवशी काम थांबवायचे. लागलेली काढून टाकू, दुसरी पुढे बघू, हा या विषयातला सगळ्यात महाग निर्णय. बाहेरून घोडा खच्ची दिसतो, आतला वृषण संप्रेरक बनवत राहतो, घोडा विकला जातो आणि पुढच्या मालकाला नराचे सगळे गुण फुकट मिळतात. लपलेल्या वृषणाचे काम पूर्ण भूल देऊन, सोयीच्या ठिकाणीच. परळ, शिरवळ, नागपूर अशा पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आधी चौकशी करावी. असा नर पैदाशीला वापरू नये, दोष पुढे जाण्याची शक्यता असते.

दुसरी गोष्ट अंतर्गळ (हर्निया). पिशवी एका बाजूला मोठी, दाबल्यावर आत जाणारी, किंवा लहानपणी तशी होती असे मालक सांगत असेल तर ते आधी सांगितलेच पाहिजे, कारण मग तंत्रच बदलते.

बाकी नेहमीचे: ताप (३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक), नाकातून शेंबूड नाही, खोकला नाही, नुकताच लांबचा प्रवास नाही. ट्रकमधून उतरलेल्या शिंगराला किमान दोन आठवडे द्या.

तोबरा

वजन कसे काढायचे? काटा कुठे असतो आमच्याकडे.

डॉ_नालबंद

टेपने. छातीचा घेर (पुढच्या पायांमागून) आणि लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. हे मोठ्या घोड्याचे. वर्षाच्या शिंगराला १०,८५० च्या आसपास भागा. घेर १४० आणि लांबी १२५ असेल तर २२६ किलो येते. अंदाजाने लोक याच शिंगराला तीनशे म्हणतात.

याच वजनावर भुलीचा हिशेब. आडवे पाडून करायचे तर झायलाझिन (गुंगीचे औषध) १.१ मिलिग्रॅम प्रतिकिलो शिरेतून, म्हणजे सुमारे २५० मिलिग्रॅम. इथे सावध: बाजारात गायीबैलांसाठीचे सुमारे २० मिलिग्रॅम प्रतिमिलीचे मिळते आणि १०० चेही. म्हणजे एकाचे साडेबारा मिली, दुसऱ्याचे अडीच. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचूनच भरावे.

मग तीन ते पाच मिनिटे थांबायचे. मान गुडघ्यापर्यंत खाली, खालचा ओठ सैल, कान बाजूला पडलेले, हे दिसले तरच केटामाइन (भुलीचे औषध) २.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ५० वाली १० मिलीची एक कुपी. गुंगी नीट चढण्याआधी केटामाइन दिले तर घोडा झोपत नाही, उधळतो, झटके येतात. गुंगी कमी वाटली तर झायलाझिन थोडे वाढवा, पण केटामाइनची घाई नको. यात साधारण १२ ते २० मिनिटे मिळतात. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) आहे, त्यामुळे ते पशुवैद्यच आणणार. मालकाने आकडे लक्षात ठेवायचे ते प्रश्न विचारता यावेत म्हणून, स्वतः टोचण्यासाठी नव्हे.

एसप्रोमाझिन हे गुंगीचे औषध नरांना नको. लिंग बाहेर लोंबकळत राहते, कधी परत आत जात नाही.

आदल्या रात्रीपासून चारा बंद (आठ-दहा तास), पाणी चालू. अंगावर पिणाऱ्या लहान शिंगराला उपाशी ठेवू नका.

रिकीब

दोन बारीक गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. घोडा आडवा पडला की मोरकी लगेच काढा किंवा कडीखाली जाड कापड ठेवा. डोक्याच्या वजनाने लोखंडी कडी गालावर दाबते, तिथून चेहऱ्याची नस जाते, उठल्यावर ओठ एका बाजूला लोंबलेला दिसतो. आणि खालच्या बाजूच्या डोळ्याखाली टॉवेल हवा, जमिनीवर घासून डोळ्याला जखम होते. जागा गवताळ, सपाट, मोकळी. गोठ्याच्या कोपऱ्यात पाडले तर उठताना भिंतीवर आपटणार.

डॉ_नालबंद

आता मुख्य काम.

शिंगरू डाव्या कुशीवर. वरचा, म्हणजे उजवा मागचा पाय दोराने पुढे ओढून गळ्यातल्या फासाला बांधायचा, म्हणजे मांड्यांमधली जागा उघडी होते. एक माणूस डोक्यापाशी, त्याने मान खाली धरायची. घोडा मान उचलल्याशिवाय उठू शकत नाही.

पिशवी धुणे, दोन-तीनदा, पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीनने. मग २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध), प्रत्येक वृषणात १० मिली आणि चिऱ्याच्या रेषेवर थोडे. पूर्ण गुंगीत असला तरी हे द्यावेच. नाहीतर दोर ओढताना घोडा पाय झटकतो आणि तो वर खेचणारा स्नायू आखडतो.

खालचा वृषण आधी. वरचा आधी केला तर त्याचे रक्त खालच्या चिऱ्यावर ओघळत राहते. वृषण मुठीत दाबून कातडी ताणायची, मधल्या शिवणीपासून साधारण २ सेंटिमीटरवर, शिवणीला समांतर ८ ते १० सेंटिमीटर चिरा. लहान चिरा हीच पुढच्या सुजेची सुरुवात. वृषण बाहेर, भोवतालची चरबी आणि पडदे बोटाने गॉझने सोलून वर सारायचे.

मग इमॅस्क्युलेटर, म्हणजे दोर कापायची पकड. याला दोन कामे एकाच दाबात करायची असतात, आतल्या बाजूने चेपणे आणि बाहेरच्या बाजूने कापणे. त्याच्या सांध्यावरचा नट वृषणाच्या बाजूला हवा. उलटा धरला तर चेपलेला भाग वृषणाबरोबर कापून निघतो आणि न चेपलेला दोर पोटाकडे सरकतो, म्हणजे उघडी धमनी आत. लावण्याआधी मालकानेही बघावे, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

दाबताना दोर ओढून धरायचा नाही, सैल सोडायचा. ताणलेला दोर कापला की रबरासारखा आत जातो आणि बारीक वाहिन्या फाटतात. जबड्यात कातडी सापडली नाही ना तेही बघायचे. धरून ठेवायचे, वर्षाच्या शिंगराला निदान एक ते दोन मिनिटे, मोठ्याला तीन. सोडण्याआधी दोराचे टोक चिमट्याने पकडून ठेवावे. रक्त आले तर परत सापडते.

दुसऱ्या बाजूचेही तसेच. मग दोन्ही वृषण आणि त्यांना चिकटलेले अधिवृषण (शुक्राणू साठवणारी नळी) पूर्ण आहेत का ते जमिनीवर स्वच्छ कापडावर ठेवून बघायचे. चिरे शिवायचे नाहीत. बोटांनी ताणून मोठे करायचे म्हणजे आतले पाणी निचरून जाते. साधारण अर्ध्या तासात शिंगरू उठते. त्याला उठवायची घाई करायची नाही.

परदेशी_पागा

उघड्या आणि बंद पद्धतीचेही लिहायला हवे. वृषणाभोवती एक आवरण असते, ते पोटातल्या आवरणाचाच खाली उतरलेला भाग. बंद पद्धतीत ते न फोडता दोरासकट चेपतात. उघड्यात ते चिरून वृषण बाहेर काढतात, रक्तवाहिन्या वेगळ्या आणि नळी-स्नायू वेगळे चेपतात. लहान शिंगराला बंद चालते. जाड दोराच्या मोठ्या घोड्यावर आवरणासकट चेपले तर मधली धमनी पुरती चेपली जात नाही, तिथे वाहिन्या वेगळ्या केलेल्याच बऱ्या. अंतर्गळाचा संशय असेल तर बंद पद्धत आणि विरघळणाऱ्या धाग्याने बांधणे.

गाढवांना मात्र धागा बांधाच. त्यांच्या वाहिन्या अंगाच्या मानाने मोठ्या, निव्वळ चेपून रक्त थांबत नाही.

अमेरिकेत हेंडरसन नावाचे ड्रिलला लावायचे उपकरण बरेच वापरतात. दोर पिळत जातो आणि वीस-पंचवीस फेऱ्यांत तुटतो, धमनी पिळानेच बंद होते. काम छान करते, पण सुरुवात हळू हवी. घाईने ड्रिल दाबले तर पीळ बसण्याआधी दोर फाटतो.

खरारा

उभ्याने करणारे डॉक्टरही आहेत. त्यांचे म्हणणे, पाडण्या-उठण्याची जोखीम नाही, खर्च कमी.

डॉ_नालबंद

बरोबर आहे, पण जनावर निवडून. १४ हातांहून (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच) उंच, शांत, हात लावू देणारा, दोन्ही वृषण चांगले खाली आलेले. गुंगी अधिक ब्युटॉर्फॅनॉल (वेदनाशामक), दोन्ही दोरांत १५-२० मिली लिग्नोकेन आणि पूर्ण बधिर व्हायला दहा मिनिटे. तट्टू, बुजरे शिंगरू किंवा अंतर्गळाची शंका असलेला घोडा उभ्याने करू नये. रक्त सुरू झाले किंवा आतडे दिसले तर उभ्या घोड्याखाली वाकून काही करता येत नाही. आपल्याकडच्या वर्षाच्या मारवाडी-काठेवाडी शिंगरांना आडवे पाडलेलेच बरे.

रिकीब

आता नंतरचे. पहिले २४ तास बांधून, शांत, स्वच्छ ठाण. अंथरायला वाळलेले गवत किंवा कडबा. लाकडाचा भुसा नको, तो जखमेत चिकटतो. रक्त टपकणार. नियम सोपा: थेंब मोजता येत असतील तर थांबा. मोजता येत नाहीत इतके भराभर, किंवा धार लागून पंधरा मिनिटांत कमी झाली नाही, तर डॉक्टरला फोन. २२६ किलोच्या शिंगरात साधारण १७ लिटर रक्त असते, त्यामुळे लाल थारोळे बघून हातपाय गाळू नका, पण धार चालू ठेवून रात्रभर वाट बघायचीही नाही. डॉक्टर येईपर्यंत घोडा चालवू नका, जखमेत काही कोंबू नका. त्याला टोक सापडले तर परत चेपेल, नाहीतर निर्जंतुक गॉझ भरून २४ ते ४८ तास ठेवेल. किती गॉझ आत गेले ते लिहून ठेवा म्हणजे तितकेच बाहेर येतील.

दुसऱ्या दिवसापासून चालवणे सुरू. इथे सगळे चुकतात. दुखते म्हणून बिचाऱ्याला आराम देतात आणि चौथ्या दिवशी पिशवी नारळाएवढी होते. सकाळ-संध्याकाळ २० मिनिटे, आधी कदम, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुडकी, दोरीवर गोल फिरवून. मोकळे सोडणे म्हणजे व्यायाम नव्हे, दुखणारे शिंगरू कोपऱ्यात उभेच राहते. हे दोन आठवडे. जोडीला दुसऱ्या दिवसापासून दोनदा दहा मिनिटे थंड पाणी, हलक्या धारेने, जखमेच्या आत न मारता.

सूज चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. म्यानही सुजते. लघवी नीट होत असेल आणि शिंगरू खात असेल तर ते चालते. दहा-बारा दिवसांत उतरते, दोन-तीन आठवड्यांत जखम भरते. ताप रोज दोनदा, निदान आठवडाभर. ३९ च्या वर, खाणे बंद, मागचे पाय फाकवून चालणे, घाण वास, यातले काहीही दिसले तर बोलवा. बऱ्याचदा कडा लवकर चिकटून आत पाणी कोंडलेले असते, डॉक्टर हातमोजा घालून बोटाने वाट मोकळी करतो आणि दुसऱ्या दिवशी घोडा वेगळाच दिसतो.

जखमेत राख, हळद, शेण, डिझेल काही नाही. माश्यांचा फवारा मांड्यांवर आणि पोटावर, जखमेच्या कडेला.

चाबूकस्वार

दुखण्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणले तर चालेल ना?

डॉ_नालबंद

नाही. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, ते दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मेली त्यामुळे. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही २०२३ पासून बंद. मेलोक्सिकॅम द्या, ०.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून एकदा, तीन-चार दिवस. फेनिलब्युटाझोन चालते, पण इंजेक्शन फक्त शिरेत. मानेच्या मांसात गेले की तिथली ऊती सडते. प्रोकेन पेनिसिलिनचे उलट: फक्त स्नायूत, शिरेत गेले तर घोडा वेड्यासारखा उधळून पडू शकतो. मात्रा २२,००० युनिट प्रतिकिलो, दिवसातून दोनदा. किती दिवस ते जखम बघून.

तोबरा

आतडे बाहेर येते म्हणतात ते कितपत खरे?

डॉ_नालबंद

दुर्मीळ, पण खरे. बहुतेक पहिल्या चार-सहा तासांत, क्वचित आठवड्यानंतरही. जांघेची आतली वाट रुंद असेल तर पोटातला दाब वाढल्यावर, उठताना किंवा जोर केल्यावर, आतडे घसरते. गुलाबी-लाल, चकचकीत, गुळगुळीत वळसे दिसतात. अशा वेळी आत ढकलायचे नाही. स्वच्छ चादर मिठाच्या पाण्याने (लिटरला ९ ग्रॅम, उकळून गार केलेले) भिजवून खालून झोळीसारखी धरायची, दोन्ही टोके पाठीवर बांधायची, घोडा जागेवर उभा ठेवायचा, म्हणजे आतडे पायाखाली येत नाही. डॉक्टर गुंगी देऊन मोठ्या दवाखान्यात हलवेल. आतडे किती लवकर आत गेले यावर सगळे अवलंबून आहे.

याहून जास्त वेळा दिसते ती पिवळसर, जाळीसारखी, चरबीची झालर. ते पोटातले आवरण असते. डॉक्टर आत काही अडकले नाही ना ते बघून तेवढी कापतो. फोन करताना रंग आणि पोत नीट सांगा, फोटो पाठवा. तिकडून येणारा माणूस त्यावरून सामान घेऊन निघतो. रात्री कुणी उचलत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावून बघा.

पागेवाला

स्वभावाबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. संप्रेरकाची रक्तातली पातळी पहिल्याच दिवसांत कोसळते, पण सवयी आठवडे-महिने टिकतात. साधारण २० ते ३० टक्के खच्ची घोडे पुढेही घोडीवर चढणे, इतर नरांवर धावणे असे काही ना काही दाखवतात आणि वयात येण्याआधी केले की नंतर, याने त्यात फारसा फरक पडत नाही. खिसा चावणे, दोरी ओढणे, अंगावर येणे ही शिस्तीची बाब आहे. ती कापून जात नाही.

आणखी एक: काम झाले तरी नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात. आठवडाभर तरी माद्यांपासून लांब, महिना ठेवलात तर निश्चिंत.

चाबूकस्वार

चढतो म्हणजे थोडा 'कच्चा राहिला' असणार. वरचा नळीचा तुकडा आत राहतो म्हणतात.

परदेशी_पागा

अधिवृषणाचा तुकडा राहिला तरी तो संप्रेरक बनवत नाही. बनवतो तो वृषण. म्हणून दोनच शक्यता: सवय, किंवा आत राहिलेला अख्खा वृषण. आणि हे रक्तावरून कळते. तीन वर्षांवरच्या घोड्यात इस्ट्रोन सल्फेट (वृषणातून येणारे एक संप्रेरक) मोजतात, पण गाढवाला ही तपासणी लागू नाही. नाहीतर एचसीजीचे (वृषणाला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन देऊन, आधी आणि नंतर (साधारण दोन तासांनी, शक्य तर २४ तासांनीही) टेस्टोस्टेरॉन (नराचे संप्रेरक) मोजायचे. खच्ची घोड्यात काही हलत नाही, आत वृषण असेल तर आकडा चढतो. अँटी-म्युलेरियन हार्मोन (हेही वृषणातूनच येते) तर एकाच नमुन्यात सांगते. भांडण विक्रेत्याशी असेल तर वादापेक्षा हा कागद उपयोगी.

खरारा

अवांतर: खच्ची घोडा म्हणजे दुय्यम, असे समजणाऱ्यांसाठी. २००३ ची केंटकी डर्बी फनी साइडने जिंकली, २००९ ची माइन दॅट बर्डने, दोघेही खच्ची. इंग्लंडच्या डर्बीत मात्र खच्ची घोड्याला प्रवेश नाही, कारण ती शर्यत पैदाशीचे जनावर निवडायला आहे.

दुसरी बाजूही सांगतो. धनगरांच्या कळपातले भीमथडी तट्टू आता स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. त्यातला चांगल्या बांध्याचा, शांत, दोन्ही वृषण नीट असलेला नर असेल तर खच्ची करण्याआधी जातीचे काम करणाऱ्यांना दाखवा. नंतर परतीची वाट नाही.

तोबरा

काम होऊन पाच महिने झालेल्या घोड्याच्या पिशवीच्या जागी कठीण गाठ आणि एका भोकातून अधूनमधून पू येतो, असे एकाने विचारले आहे. घोडा खातोपितो, ताप नाही. मलम लावून बघू का, म्हणतो.

डॉ_नालबंद

मलमाने काही होणार नाही. दोराच्या उरलेल्या टोकात जंतू बसले आहेत आणि भोवती तंतू जमून ते घट्ट झाले आहे. टोक लांब राहिले, अस्वच्छ उपकरण वापरले, न विरघळणारा धागा आत सोडला, ही नेहमीची कारणे. प्रतिजैविक चालू असते तोवर पू थांबतो, बंद केले की परत येतो. भूल देऊन ते टोक निरोगी दोरापर्यंत सोलून काढावे लागते. सोनोग्राफीत गाठ वर किती गेली ते दिसते, म्हणून आधी ती करून घ्यायला सांगा. आणि त्या घोड्याला गेल्या वर्षी धनुर्वाताची लस झाली होती का, तेही विचारा.